आरव्हीत राहून कॅम्पग्राउंड होस्ट व्हायचं असेल तर

निवृत्तीनंतर घर विकून किंवा भाड्यानं देऊन आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला निघालेली मराठी जोडपी अमेरिकेत आता अधूनमधून भेटतात. बोलणं जरा पुढं गेलं की हमखास विचारतात, "कॅम्पग्राउंड होस्ट झालं की जागा फुकट मिळते म्हणे?" होस्ट म्हणजे तंबू-आरव्ही लावायच्या कॅम्पग्राउंडवर मुक्कामी राहून त्याची देखभाल करणारा आणि येणाऱ्यांना मदत करणारा माणूस. त्याला जागेचं भाडं द्यावं लागत नाही, हे खरं आहे. पण ते भाडं तुम्ही तासांच्या रूपानं फेडत असता. हा हिशेब निघण्यापूर्वीच मांडला, तर हंगाम आनंदात जातो. मी आणि माझे यजमान हे काम करतो आणि ते आम्हाला मनापासून आवडतं, म्हणून नव्यानं येणाऱ्यांसाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी हिशेब

समजा, होस्टला मिळते तशाच जागेचं खासगी आरव्ही पार्कमधलं भाडं रात्रीला ४० डॉलर आहे. आठवड्याचे २८० होतात. बदल्यात आठवड्याला २४ तास काम असेल, तर तासाला साडेअकरा-बारा डॉलर पडले. पण हे २४ तास दोघांचे मिळून की प्रत्येकाचे? प्रत्येकाचे असतील तर ४८ तास झाले आणि तासाचा भाव सहा डॉलरच्याही खाली आला. जाहिरातीत हे कधी स्पष्ट असतं, कधी नसतं. पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पैशांसाठी करायचं असेल, तर पगारी काम शोधलेलं बरं. राष्ट्रीय वनांमधली पुष्कळ कॅम्पग्राउंड सरकार स्वतः चालवत नाही, ठेकेदार कंपन्यांना देतं. त्या कंपन्या होस्टना पगार देतात. लष्कराच्या अभियंता दलाच्या, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या तलावांवर फाटकावर बसणाऱ्या अटेंडंटसाठी निविदा निघतात. याला 'वर्ककॅम्पिंग' म्हणतात. स्वयंसेवक होस्टचा मार्ग वेगळा आहे. एखाद्या जंगलात, किनाऱ्यावर किंवा वाळवंटात दोन-तीन महिने राहून ती जागा जवळून बघायची आणि तिची निगा राखायची ज्यांना इच्छा आहे, त्यांनी या मार्गानं जावं.

कोण करू शकतं

नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना अडचण नाही. मुलांकडे पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांनी मात्र यात पडू नये. कामाच्या बदल्यात राहायची जागा मिळणं हा एक प्रकारचा मोबदलाच मानला जाऊ शकतो. एच-१बी वाल्यांनीही "स्वयंसेवाच तर आहे" असं स्वतःच ठरवून टाकू नये. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. राष्ट्रीय उद्यानांत परदेशी स्वयंसेवकांसाठी वेगळा कार्यक्रम आणि वेगळा व्हिसा असतो.

बहुतेक ठिकाणी पार्श्वभूमीची तपासणी होते. सरकारी गाडी किंवा गोल्फ कार्ट चालवायची असेल, तर वाहन परवानाही बघतात. वयाची वरची मर्यादा नसते. शारीरिक क्षमता मात्र प्रामाणिकपणे सांगा. पाण्याची जड बादली उचलता येते का, दिवसातून दोन-तीन मैल चालता येतं का, हे ते विचारतीलच.

अर्ज कुठे आणि कधी

केंद्र सरकारच्या जागांसाठी 'व्हॉलंटियर डॉट गव्ह' हे एकच मोठं दार आहे. राष्ट्रीय उद्यानं, राष्ट्रीय वनं, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं), वन्यजीव आश्रयस्थानं अशा सगळ्यांच्या जाहिराती तिथं सापडतात. राष्ट्रीय उद्यानांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासूनचा आहे. राष्ट्रीय वनांसाठी १९७२ साली वेगळा कायदा झाला. त्यामुळं मागची व्यवस्था चांगली रुळलेली आहे. राज्य उद्यानांसाठी त्या त्या राज्याच्या उद्यान विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

नवख्यांनी सुरुवात राज्य उद्यानांपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्य उद्यानांत होस्टची परंपरा जुनी आहे, गाव जवळ असतं आणि बऱ्याचदा मुदतही महिन्याभराची असते. योसेमिटी किंवा ग्लेशियरसारख्या गाजलेल्या राष्ट्रीय उद्यानांचं स्वप्न दुसऱ्या-तिसऱ्या हंगामासाठी राखून ठेवा. तोवर तुमच्या नावावर अनुभव जमा होतो आणि शिफारस करणारं माणूसही मिळतं.

उत्तरेकडच्या उन्हाळी जागांचे अर्ज आदल्या शरद ऋतूपासूनच सुरू होतात. नावाजलेल्या जागा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत भरून जातात. हिवाळ्यात ओढा ॲरिझोना, टेक्सस, फ्लोरिडाकडे असतो. तिथं उन्हाळ्यात अर्ज करावा. पण मे महिन्यातही "आमचा होस्ट येऊ शकत नाही" असे निरोप निघतात, त्यामुळं उशीर झाला म्हणून खट्टू होऊ नका. एखाद्या उद्यानात फोन करून स्वयंसेवक समन्वयकाशी थेट बोललात, तर नुसत्या अर्जानं न हलणारी गोष्ट हलते.

होस्ट म्हणजे कॅम्पग्राउंडचंच काम, असंही नाही. ऑरेगनच्या किनाऱ्यावर केप ब्लँकोसारख्या दीपगृहात स्वयंसेवक येणाऱ्यांना दीपगृह दाखवतात. न्यू मेक्सिकोतल्या बोस्के देल अपाचे आश्रयस्थानात हिवाळ्यात हजारोंनी क्रौंच उतरतात, तिथंही आरव्हीत राहणारे स्वयंसेवक लागतात. पक्ष्यांचं वेड असेल तर माणसांच्या वर्दळीत होस्ट होण्यापेक्षा असं ठिकाण बघा. जागा निवडताना फोटो नंतर बघा, आधी कामाची यादी वाचा.

फोनवर विचारायचंच असं काही

मुलाखत बहुधा फोनवरच होते. ते तुम्हाला पारखतात, तुम्हीही त्यांना पारखा. तासांचं वर आलंच. सुट्टीचे वार कोणते, हे पुढचं. शुक्रवार ते सोमवार काम आणि मधल्या दिवसांत सुट्टी, असा रिवाज असतो. मेमोरियल डे, ४ जुलै आणि लेबर डे या तीन सुट्ट्या तुमच्या कामाच्याच, हे गृहीत धरा. त्या दिवसांत लेकीनं बारसं ठरवलं तर जाता येणार नाही.

मग साइटबद्दल, म्हणजे तुमची गाडी लावायच्या जागेबद्दल, विचारा. किती फूट लांबीची गाडी मावते? वीज ३० ॲम्पिअर की ५०? सांडपाण्याची जोडणी साइटवरच आहे की टाकी रिकामी करायला डम्प स्टेशनपर्यंत जायचं? सावली आहे का? (छपरावर सोलर असेल तर सावली नको, ॲरिझोनात असाल तर हवीच.) गॅस कोण भरणार? कपडे धुण्याची सोय किती मैलांवर? मोबाइलला रेंज आहे का आणि कोणत्या कंपनीची? पुष्कळ डोंगरी कॅम्पग्राउंडमध्ये रेंज अजिबात नसते. पुण्या-नागपूरकडच्या आईशी रोज बोलायचं असेल, तर स्टारलिंकसारखी उपग्रहावरून इंटरनेट देणारी सोय आणि तिच्यासाठी मोकळं आकाश लागेल. समुद्रसपाटीपासूनची उंचीही विचारा. योसेमिटीतलं टुओलमी मेडोज ८,६०० फुटांवर आहे. तिथं पहिले काही दिवस चढावर धाप लागते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

सगळं ठरलं की करारपत्र येतं. त्यात कामाचं वर्णन असतं. केंद्र सरकारच्या करारात एक महत्त्वाची गोष्ट आहे: करारात लिहिलेलं काम करताना इजा झाली, तर नुकसानभरपाईच्या बाबतीत तुम्हाला सरकारी कर्मचाऱ्यासारखं धरलं जातं. म्हणूनच वर्णनात नसलेलं काम, उदाहरणार्थ चेनसॉनं झाड कापणं, कुणी सहज सांगितलं तरी करू नका. आधी ते कागदावर येऊ द्या आणि त्याचं प्रशिक्षण घ्या. तुमच्या आरव्हीचा विमा तुमचा तुम्हीच बघायचा. कायम आरव्हीत राहणाऱ्यांसाठी 'फुल टायमर' प्रकारचा वेगळा विमा असतो. सुट्टीपुरती वापरायची गाडी म्हणून काढलेला विमा इथं अपुरा पडतो.

पत्ता आणि दवाखाना

घरच चाकांवर असलं तरी कायद्याला एक पत्ता लागतो. वाहन नोंदणी, कर, मतदान, बँक सगळं त्यावर चालतं. कायम फिरणारे बहुतेक लोक साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा निवडतात. या तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही आणि टपाल गोळा करून पुढं पाठवणाऱ्या सेवा तिथं रुळलेल्या आहेत. १९७८ साली सुरू झालेला एस्केपीज क्लब टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन गावातून अशी टपालसेवा देतो.

६५ वर्षांवरच्यांनी मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, प्रकार तपासावा. मूळ मेडिकेअर देशभर, ते स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालतं. खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या पुष्कळ योजना मात्र एका भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. न्यू जर्सीतली योजना घेऊन माँटानात तीन महिने राहायचं, तर तातडीचे उपचार सोडून बाकी सगळ्याची पंचाईत. औषधं ९० दिवसांची एकदम घ्या.

गाडी आणि त्यातलं स्वयंपाकघर

गाडी कोणती घ्यावी, यावर लोक तासन्‌तास बोलतात. होस्टच्या दृष्टीनं सांगायचं, तर एकाच जागी महिनोन्‌महिने राहायचं असल्यामुळं ओढून नेण्याचा ट्रेलर किंवा फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर) सोयीचा पडतो. तो साइटवर लावून ठेवायचा आणि ट्रक घेऊन किराणा आणायला जायचं. मोठी मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारी आरव्ही, असेल तर मागं एक छोटी गाडी ओढत न्यावी लागते. फार लांब गाडी घेऊ नका. जुन्या कॅम्पग्राउंडची वळणं आजच्या ४० फुटी गाड्यांसाठी आखलेलीच नाहीत.

विजेचं गणित मात्र नीट समजून घ्या. ३० ॲम्पिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॉट. छतावरचा एसी त्यातले साधारण १३ ॲम्पिअर खातो, १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १५. दोन्ही एकदम चालू केले आणि त्यात फ्रिज किंवा बॅटरी चार्जर लागला, की ब्रेकर पडलाच. म्हणून भर दुपारी पोळ्या करायच्या असतील तर गॅसवर करा, नाहीतर तेवढा वेळ एसी बंद ठेवा. ५० ॲम्पिअरच्या जोडणीत १२,००० वॉटपर्यंत मिळतात, तिथं हा विचार करावा लागत नाही. सर्ज प्रोटेक्टर पहिल्या दिवसापासून लावा. जुन्या खांबांवरचा वीजपुरवठा बेभरवशाचा असतो आणि एका झटक्यात एसी, फ्रिज दोन्ही जातात.

पाण्यासाठी दाब कमी करणारा रेग्युलेटर हवा. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी आणि सांडपाण्याजवळ वापरायची नळी वेगळी, रंगानं ओळखू येतील अशी. शौचालयाच्या टाकीचा व्हॉल्व्ह साइटवर जोडणी असली तरी बंदच ठेवायचा आणि टाकी निदान दोन तृतीयांश भरल्यावर उघडायचा. सतत उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मळ तळाशी साचून बसतो. आधी ही शौचालयाची 'काळी' टाकी रिकामी करायची, मग भांड्यांच्या-अंघोळीच्या पाण्याची करडी, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

आणि आपला स्वयंपाक. ८,६०० फुटांवर पाणी सुमारे ९१ अंश सेल्सिअसलाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला अर्धा दिवस लागेल, तेव्हा प्रेशर कुकर घरी ठेवून जाऊ नका. फोडणी बाहेर घडीच्या शेगडीवर केलेली बरी, आत केली तर धुराचा अलार्म वाजतो आणि गाद्यांना आठवडाभर हिंगाचा वास येतो. पण अस्वलांच्या प्रदेशात बाहेर शिजवून उठून गेलात तर चालत नाही. शेगडी पुसून, भांडी घासून सगळं लगेच आत किंवा अस्वलांपासून अन्न जपायच्या लोखंडी पेटीत गेलं पाहिजे. लोकांना हा नियम तुम्हीच सांगणार आहात. होस्टच्या टेबलावर तेलाची बुधली उघडी दिसली, तर ते तुमचं कशाला ऐकतील?

रोजचं काम

सकाळी आरक्षणांची यादी येते. प्रत्येक साइटच्या खांबावर त्या दिवसाचं कार्ड लावायचं. कोण निघालं, कोण राहिलं, हे बघत एक फेरी मारायची. रिकाम्या झालेल्या साइटवरचा कचरा उचलायचा, टेबल पुसायचं, चुलीतली राख काढायची. राख काढण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब आहे का बघा. वर थंड दिसणाऱ्या राखेखाली निखारे रात्रभर जिवंत राहतात. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. निखारे असलेली राख प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा कचरापेटीत टाकल्यानं आगी लागल्या आहेत, पत्र्याची बादलीच वापरा.

मग शौचालयं. पुष्कळ ठिकाणी ती पाण्याविना असतात, खाली फक्त मोठी टाकी. झाडणं, पुसणं, कागद भरणं हे होस्टच्या कामात येतं. हे वाचून काहींचा उत्साह मावळेल, तर आताच मावळलेला बरा. ज्या भूमीत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली, तिथून आलेल्यांना या कामात कमीपणा वाटायचं कारण नाही. स्वच्छ शौचालय बघून एखादी म्हातारी बाई थांबून आभार मानते, तेव्हा त्या कामाची किंमत कळते. हातमोजे आणि बुटांचा वेगळा जोड ठेवा.

पश्चिमेकडच्या राज्यांत एक गोष्ट फार जपायची. बंद शेडमध्ये किंवा कपाटात उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. हरिणउंदीर नावाच्या उंदरांतून हंटाव्हायरस पसरतो, तो उडालेल्या धुळीतून श्वासात जातो. २०१२ मध्ये योसेमिटीत राहून गेलेल्या पाहुण्यांपैकी तिघांचा त्यानं जीव घेतला. आधी दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या, ब्लीचच्या पाण्यानं जागा भिजवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग कागदानं टिपून काढा.

जळाऊ लाकडाबद्दलही लोकांना सांगावं लागतं. लांबून लाकूड आणू नका, इथलंच विकत घ्या. २००२ साली मिशिगनमध्ये ॲश झाडांना पोखरणारा एक हिरवा भुंगा सापडला. जळाऊ लाकडातून तो राज्याराज्यांत पोचला आणि कोट्यवधी झाडं गेली. एवढं सांगितलं की बहुतेक लोक दुसऱ्या वेळी लाकूड आणत नाहीत.

माणसांशी बोलणं

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर भाग हाच. होस्टला कसलाही पोलिसी अधिकार नसतो. राष्ट्रीय उद्यानात स्वयंसेवकाचा पोशाखही रेंजरपेक्षा, म्हणजे उद्यानाच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्यापेक्षा, मुद्दाम वेगळा असतो. तुमच्याकडे फक्त बोलणं आहे.

उद्यानांच्या प्रशिक्षणात 'ऑथॉरिटी ऑफ द रिसोर्स' नावाची पद्धत शिकवतात. नियमाचा बडगा दाखवायचा नाही, त्या जागेला काय होतं ते सांगायचं. "कुत्रा बांधा, नियम आहे," असं म्हणण्याऐवजी "या गवतात हरिणी पाडसं ठेवून जातात, मोकळा कुत्रा त्यांना गाठतो," असं म्हणायचं. पहिलं वाक्य ऐकून माणूस वाद घालतो. दुसरं ऐकून तो कुत्र्याला हाक मारतो. हे मनापासून आलं पाहिजे, म्हणून पहिल्या आठवड्यात त्या जागेची झाडं, प्राणी, इतिहास शिकून घ्या. रेंजरांना विचारा, त्यांना सांगायला आवडतं.

एकदा सांगून झालं आणि समोरचा ऐकत नाही, तर तिथून निघा. साइटचा क्रमांक आणि गाडीची पाटी लांबूनच टिपा आणि रेंजरला कळवा. दारू, हत्यार, घरातलं भांडण असं काही दिसलं तर त्या साइटकडे फिरकूही नका. रेडिओ दिला असेल तर तो कसा वापरायचा हे पहिल्याच दिवशी शिका. रेंज नसलेल्या जागी ९११ ला पर्याय तोच असतो.

आपले लोक भेटतातच. अनेक कॅम्पग्राउंडमध्ये एका साइटवर ६ माणसांची मर्यादा असते आणि आपण येतो चार कुटुंबं मिळून. रात्री दहानंतर शांततेची वेळ सुरू होते, तेव्हा अंताक्षरी रंगात आलेली असते. अशा वेळी आम्ही आधी "कुठल्या गावचे?" विचारतो, चहा असेल तर घेतो, आणि मग सांगतो की शेजारच्या तंबूत लहान बाळ आहे. त्यांनाही बरं वाटतं आणि आवाज खाली येतो. इंग्रजी उच्चारांची काळजी करणाऱ्या नवख्यांना एवढंच सांगते, सावकाश बोला. लोक नियम विसरतील, पण मुलाला नाव विचारून ज्युनिअर रेंजरची, म्हणजे उद्यानाची ओळख करून देणारी मुलांची पुस्तिका कुठं मिळते हे सांगणारी काकू त्यांच्या लक्षात राहते.

वणव्याच्या हंगामात, म्हणजे पश्चिमेत साधारण जुलैपासून, गाडी निघायच्या तयारीत ठेवा. टाकीत निम्म्याहून जास्त इंधन, कागदपत्रं एका पिशवीत, ट्रेलर जोडण्याचा सराव दोघांनाही. बाहेर काढायचा आदेश आला तर दारोदार सांगायला तुम्हाला पाठवू शकतात, आणि मग स्वतःची गाडी जोडायला हाताशी फार थोडा वेळ उरतो.

हंगाम संपताना

तासांची नोंद रोज करा, महिन्याअखेरी आठवून लिहू नका. केंद्र सरकारच्या सहभागी संस्थांकडे २५० तास भरले की वर्षभराचा व्हॉलंटियर पास मिळतो, देशभरच्या राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश त्यात येतो. ६२ वर्षांवरच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना ८० डॉलरमध्ये आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, तो आधीच घेऊन ठेवलात तर मधल्या प्रवासात पुष्कळ सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडंही निम्मं होतं. पर्यवेक्षकाकडून शिफारसपत्र निघतानाच मागा. हंगामी रेंजर पुढच्या वर्षी दुसऱ्याच उद्यानात गेलेला असतो.

उंचावर सप्टेंबरअखेरीपासून रात्री पारा शून्याखाली जायला लागतो. बाहेरची पाण्याची नळी संध्याकाळी काढून रिकामी करा, गाडीतली पाण्याची टाकी भरून ठेवा आणि रात्री तेच पाणी गाडीतल्या पंपानं वापरा. निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही सांडपाण्याच्या टाक्या धुऊन घ्या, छपरावरची पाइनची पानं झाडा आणि टायरमधली हवा थंड असताना तपासा. परत यायचं असेल तर तेव्हाच सांगून ठेवा. चांगल्या होस्टची जागा उद्यानवाले जाहिरात काढण्याआधीच राखून ठेवतात.